आधी कृपा, मग कर्म

आधी क्षमा, मग सुधारणा! आधी घरात घेतलं जाणं, मग त्या घराला शोभेल असं वागायला शिकणं! हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून खोलीभर येरझाऱ्या घालत सुटले. मला ठाऊक असलेला धर्माचा हिशेब नेमका याच्या उलट होता. नीट वागा, नेम पाळा, दानधर्म करा, पाप टाळा, आणि मग अगदी शेवटी वरचा कुणीतरी जमाखर्च तपासून निकाल देईल. आणि इथे ही ख्रिस्ती माणसं छातीठोकपणे सांगतात की तो निकाल आजच लागू शकतो, तुमच्या बाजूने लागू शकतो, आणि तोही तुमच्या खात्यावर काहीही जमा नसताना! गेले कित्येक दिवस मी भेटेल त्याला हेच सांगते आहे. आता तुम्हाला सांगते.

मी ख्रिस्ती घरात वाढलेली नाही. नाताळचा केक आणि ‘स्मृतिचित्रे’तले रेव्हरंड टिळक, एवढीच या धर्माशी ओळख. मग पंडिता रमाबाईंनी 1907 साली लिहिलेली साक्ष हाती आली. साक्ष म्हणजे ख्रिस्ती मंडळींत माणूस उभा राहून देवाने आपल्याबाबत काय केलं ते सांगतो, ती. मला वाटलं होतं की बालपण, दुष्काळ, कलकत्ता, विलायत, शारदा सदन असं चरित्र वाचायला मिळेल. ते मिळालंच. पण मध्येच एक जागा अशी आली की मी थबकले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पुण्यात केवढा गदारोळ उठला तो आपण शाळेत वाचलेला असतो. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली, हेही काहींना आठवेल. पण रमाबाई स्वतः काय लिहितात? बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळालेला नाही! ज्या पावलासाठी समाज तुटला, शिव्याशाप झाले, ते उचलूनही मुख्य गोष्ट राहूनच गेली होती. माझ्या सगळ्या शोधाची सुरुवात या एका कबुलीतून झाली. अशी कोणती गोष्ट आहे, जी बाप्तिस्म्याने मिळत नाही, चर्चमध्ये जाऊन मिळत नाही, संस्कृत जाणणाऱ्या विदुषीलाही आठ वर्षं मिळत नाही?

त्यांना ती दाखवली एका पुस्तकाने. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्रीचं ते आत्मकथन. आणि हॅस्लमची हकीकत ऐका! कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावचा हा पाद्री 1851 साली एका रविवारी व्यासपीठावर चढला, ख्रिस्ताविषयी बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्याच मनाला कधी शिवलेलं नाही. आपल्याच प्रवचनाने तो बदलला. समोर बसलेल्यांपैकी एकजण तिथेच ओरडला की पाद्रीचंच परिवर्तन झालं! मी हे वाचून अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

मग मी मागे मागे जात राहिले, आणि माळच हाती लागली. जॉन वेस्ली हा ऑक्सफर्डचा विद्वान, दीक्षा घेतलेला पाद्री, अमेरिकेत जॉर्जियापर्यंत धर्मकार्याला जाऊन हताश होऊन परतलेला. 24 मे 1738 च्या रात्री लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या बैठकीत तो नाखुशीनेच गेला. तिथे कुणीतरी लूथरने बायबलमधल्या रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास वेस्लीच्या मनात काहीतरी ऊबदार हललं, आणि आपलं पाप, होय आपलंसुद्धा, ख्रिस्ताने घेतलं अशी खात्री त्याला वाटली. त्या खात्रीतून पुढे मेथडिस्ट चळवळ उभी राहिली. आणि लूथर तरी कोण? विटेनबर्गचा संन्यासी, उपासतापास करून शरीर झिजवलेला, तासन्‌तास पापांची कबुली देणारा, तरीही देवाला घाबरून असलेला. त्यालाही पौलाच्या त्याच रोमकरांस पत्रात सुटकेची वाट दिसली. आणि पौल? परूशी, नियमशास्त्राचा काटेकोर पाईक! योहानाच्या शुभवर्तमानातला निकदेम आठवा, रात्री येशूकडे येणारा. तो इस्राएलचा शिक्षक होता, आणि नव्याने जन्म घ्यावा लागेल हे नेमकं त्यालाच ऐकावं लागलं.

बघा, सगळे धार्मिक! चोर, दरोडेखोर, नास्तिक यांच्या गोष्टी या परंपरेत आहेतच, पण मला हलवून सोडलं ते या धार्मिकांनी. ज्यांच्याकडे पुण्याचा साठा होता त्यांनाच तो साठा बाजूला ठेवावा लागला. इव्हँजेलिकल मंडळ्या, म्हणजे शास्त्रावर आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्या, परिवर्तनाबद्दल, नव्या जन्माबद्दल इतक्या का बोलतात ते मला इथे उमगलं. ख्रिस्ती घरात जन्माला येऊन कुणी ख्रिस्ती होत नाही, हे त्यांचं ठाम म्हणणं. देवाला नातवंडं नसतात, लेकरंच असतात, असं त्यांच्यात सर्रास म्हणतात. प्रत्येकाने स्वतः पश्चात्ताप करायचा, स्वतः विश्वास ठेवायचा.

मग मी त्यांची विश्वासाची कलमं वाचायला घेतली. चर्चच्या फलकावर किंवा पत्रिकेत छापलेली असतात ना, ‘आम्ही काय मानतो’ अशी? एरवी मी अशा मजकुरावरून डोळेही फिरवले नसते. 1846 च्या ऑगस्टमध्ये लंडनला निरनिराळ्या पंथांचे प्रोटेस्टंट जमले आणि इव्हँजेलिकल अलायन्सची नऊ कलमं ठरली. आजच्या अनेक मंडळ्यांच्या विश्वासपत्रांत तीच, थोड्या वेगळ्या शब्दांत, भेटतात. आणि ही कलमं कोरडी नाहीत हो! एक ओढलं की दुसरं हलतं.

पहिलं पवित्र शास्त्राचं. जुना आणि नवा करार देवप्रेरित आहे, विश्वासाच्या आणि वागणुकीच्या बाबतीत अखेरचा अधिकार त्याचाच आहे, आणि तारणासाठी तेवढं पुरेसं आहे. बरं, पुस्तकाला मान देणारे धर्म पुष्कळ आहेत. पण लगेच दुसरं कलम काय म्हणतं? शास्त्राचा अर्थ स्वतः वाचून, स्वतःच्या बुद्धीने लावण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि नुसता हक्क नाही, ते प्रत्येकाचं कर्तव्यही आहे! मला रमाबाईंची वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी झालेली पत्रापत्री आठवली. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार, सगळ्यावर बाई प्रश्न विचारत होत्या. एका माणसाचं किंवा एका पंथाचं म्हणणं मुकाट्याने मान्य करायला त्यांनी साफ नकार दिला. सिस्टरांना तो अहंकार वाटला. पण या दुसऱ्या कलमाच्या उजेडात तो अहंकार ठरत नाही, ते कर्तव्य ठरतं.

आणि मग साहजिकच, ज्या धर्मात प्रत्येकाने स्वतः वाचायचं, त्याला शाळा काढाव्या लागतात, छापखाने घालावे लागतात. लूथरने वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसलेलं असताना नवा करार जर्मनमध्ये आणला. एकेकाळी चांभारकाम केलेला विल्यम केरी बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापतो आणि 1811 मध्ये मराठी नवा करार. रमाबाईंना प्रचलित मराठी बायबल गोरगरीब बायकांना जड वाटेल असं वाटत होतं, म्हणून त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत अख्खं बायबल करायला बसल्या. अख्खं! एकटीने! कितीतरी वर्षं! छापणार कोण? पुण्याजवळच्या केडगावात रमाबाईंनी उभ्या केलेल्या ‘मुक्ती’ आश्रमातल्या मुलीच, तिथल्याच छापखान्यात. 5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं, आणि 1924 मध्ये ते बायबल संपूर्ण छापून निघालं. एका कलमाचं वजन किती असतं ते मला या कामावरून कळलं.

तिसरं कलम त्रैक्याचं. त्याबद्दल, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा असण्याबद्दल, मी इथे थोडक्यात लिहिते, कारण ती गोष्ट अजून माझ्या आवाक्याबाहेर आहे. मात्र एक लख्ख दिसलं: हा देव जग निर्माण करण्याआधीसुद्धा एकटा नव्हता, त्याच्यातच प्रेम होतं.

चौथ्या कलमावर मी दात ओठ खाऊन बसले होते. मनुष्यस्वभाव पतनामुळे पूर्ण भ्रष्ट झाला आहे! म्हणजे काय, तान्ही बाळंसुद्धा? चांगली माणसं दिसतात ती काय खोटी? पण वाचत गेले तसं लक्षात आलं, यात माणसात चांगलं काहीच नाही असं म्हटलेलं नाही. म्हटलं आहे ते असं की माणसाचा एकही कोपरा, त्याची बुद्धी, त्याचं प्रेम, त्याची धार्मिकतासुद्धा, स्वार्थापासून सुटलेली नाही, आणि स्वतःच्या बळावर त्याला देवापर्यंत जाता येत नाही. आता हेच जरा रमाबाईंच्या बाजूने वाचा. कलकत्त्यात धर्मशास्त्रं वाचताना स्त्रिया आणि शूद्र यांच्याबद्दल सगळे ग्रंथ कसे एकमताने बोलतात ते पाहून त्या खचल्या होत्या. त्यांना मोक्षाची शिडी चढायची मुभाच नव्हती. आणि हे कलम सांगतं की शिडी कुणालाच चढता येत नाही! पंडिताला नाही, पाद्रीला नाही, राजाला नाही. सगळे एकाच पायरीवर, म्हणजे जमिनीवर. इतकी कडक समता मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. इंग्लंडमध्ये फुलहॅमला वाँटेजच्या सिस्टरांचं एक सेवागृह होतं, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. ते पाहून रमाबाईंचं मन पहिल्यांदा खरं वळलं. आपल्याकडे ज्या बाईकडे बघायचीही चोरी, तिची इथे हौसेने सेवा चालली होती! हे का करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना योहानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. तिथे येशू तिच्याशी बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो.

आता पाचवं आणि सहावं, म्हणजे काळीज. देव माणूस झाला, वधस्तंभावर मेला, आणि जो विश्वास ठेवतो तो केवळ विश्वासानेच नीतिमान ठरतो. माझा प्रश्न तुमचाही असेल: देव सर्वशक्तिमान आहे तर ‘जा, माफ केलं’ असं म्हणून मोकळा का होत नाही? एवढा रक्ताचा खटाटोप कशाला? याचं उत्तर मिळालं त्या दिवशी मला झोप लागली नाही. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला विचारा, त्याला ‘जाऊ दे’ चालतं का? दुष्काळात धान्य दाबून ठेवणाऱ्याला, विधवेला छळणाऱ्याला देव नुसतं जाऊ दे म्हणाला, तर तो देव प्रेमळ कसला? क्षमा फुकट वाटली तरी तिची किंमत कुणीतरी मोजतोच, आणि बहुधा तो दुखावलेलाच मोजतो. इव्हँजेलिकल विश्वासात ती किंमत देवाने स्वतःवर घेतली. न्यायाधीश आसनावरून उतरून गुन्हेगाराच्या जागी उभा राहिला. न्याय बुडाला नाही आणि दयाही आटली नाही. म्हणून तर या मंडळ्यांची गाणी, प्रार्थना, प्रवचनं सारखी वधस्तंभापाशी येतात. पूर्वी मला ते एकसुरी वाटायचं. आता वाटतं, दुसरीकडे जाणार तरी कुठे?

आणि विश्वास म्हणजे काय, तर रिकामा हात पुढे करणं. मूल चालायला लागलं म्हणून आई त्याला कडेवर घेत नाही, कडेवर असतं म्हणूनच ते हळूहळू चालायचं धाडस करतं. माझ्या मनात हे असं बसलं आहे.

पण मग कुणी विचारेलच, आणि पौलालाही त्याच्या काळी विचारलंच होतं: सगळं फुकट मिळणार असेल तर चांगलं वागायचं कशाला? पुस्तकातल्या उत्तरापेक्षा मला केडगावचं उत्तर आवडलं. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण 1874 च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीत गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागणार नव्हतं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, रस्त्यावर पडलेल्या मुली, विधवा उचलून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर छपरं उभी राहिली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. तिथे पतित मानलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, अपंग आणि वृद्धांसाठी प्रीती सदन होतं, अंध मुलींसाठी शाळा होती, शेती, विणकाम, छपाई असं सगळं शिकवलं जात होतं. कृपा मिळवण्यासाठी हे चाललं नव्हतं. कृपा मिळाली होती, आणि ती कशी आवरायची हे बाईंना कळत नव्हतं, म्हणून चाललं होतं! हे मी ठासून लिहिते, कारण मला या साऱ्या शोधातून सांगायचं ते हेच आहे. पुण्याची हाव ओसरलेला माणूस सेवा करू लागला की समोरचा त्याला पुण्याचं साधन वाटत नाही.

सातव्या कलमात पवित्र आत्मा येतो. परिवर्तन घडवणारा आणि मग माणसाला आतून पवित्र करत नेणारा तोच, माणसाचा निश्चय नव्हे. 1905 मध्ये मुक्तीत जे पुनरुज्जीवन झालं त्याच्या हकिकती वाचा: रात्ररात्र प्रार्थना, रडणं, एकमेकींची क्षमा मागणं, आणि मग मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला निघालेल्या. कालपर्यंत ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या आता प्रचारक!

आठव्यात शरीराच्या पुनरुत्थानाचं वचन आहे. आत्मा शरीरातून सुटून जाईल एवढंच नाही, शरीरसुद्धा उठेल. उपाशी पोरींच्या शरीराची एवढी काळजी केडगावने का घेतली, याचं एक कारण मला इथे दिसतं. त्याच कलमात न्यायाचा दिवस आणि सार्वकालिक दंडही आहे. तो भाग मला बोचतो, आणि मला भेटलेल्या पाळकांनीही तो गोड करून सांगितला नाही याचा मला आदर वाटतो. नवव्या कलमात सेवकवर्ग, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की विश्वास ठेवणाऱ्या मोठ्या माणसाला, यावर या मंडळ्यांचं एकमत नाही. देवाने कुणाला निवडलं ते आधीच ठरलेलं असतं का, यावर तर वेस्ली आणि त्याचा जिवलग मित्र व्हाइटफील्ड यांचं बिनसलं. गाभा एक, बाकी भांडायला मोकळीक, हे मला आवडलं.

सगळं उजळच होतं असं मी म्हणणार नाही. त्याच 1846 च्या लंडन परिषदेत गुलामांचे मालक असलेल्यांना सभासद करायचं की नाही यावर ब्रिटिश आणि अमेरिकन प्रतिनिधींचं जमलं नाही, आणि जगभराची एक संघटना तेव्हा होऊ शकली नाही. ज्या विश्वासात सगळे जमिनीवर, तो मानणाऱ्यांतल्याच काहींनी माणसं विकत घेतली होती! पण मग चूक दाखवायची ती याच कलमांवर बोट ठेवून दाखवता येते, आणि इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झुंजलेला विल्बरफोर्स हाही इव्हँजेलिकलच.

आणि हे सगळं आपल्या अंगणातलं आहे हो! रेव्हरंड टिळकांना 1893 मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. कृपेची भाषा मराठी माणसाला परकी नाही, हे त्यांनी किती आधी ओळखलं! इव्हँजेलिकल मंडळींचं युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झालं आणि 1983 मध्ये पुण्याला आलं. कुठे कुठे लांब पाहत होतो आपण!

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, किंवा कुठल्याच नसा, एवढं करा. लूककृत शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. आसामात सिल्चरला असताना रमाबाईंना घरच्या पुस्तकांत त्याचीच बंगाली प्रत सापडली होती. मग रोमकरांस पत्र सावकाश वाचा, पहिल्या तीन अध्यायांत राग आला तरी सोडू नका, चौथ्यापासून दार उघडतं. मग रमाबाईंची साक्ष. आणि एखाद्या रविवारी जवळच्या मंडळीत उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसा, नंतर पाळकांना तुमचे सगळ्यात अवघड प्रश्न विचारा. विचारण्याचा हक्क दुसऱ्याच कलमात लिहून ठेवलेला आहे. केडगाव पुणे–दौंड मार्गावर आहे, मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे. जाऊन या.